पायाळू माणसाचा आड

२८ मार्च १९४१, पाडवा. सकाळी.
आजपासून आड खोदायचा. फायनल. चार वर्षं झाली, शेजारच्या अल्लाबक्ष टांगेवाल्याच्या आडावर गेलो तर तो म्हणे, उकंडराव, पोहरा घासून आणत जा. कापसाच्या जिनिंगमध्ये माणसं माझ्या हाताखाली, आन् हा मला शिकवतो. तवाच शपथ घेतली. प्यायचं तर आपल्याच आडाचं पाणी, आन् त्याच्याशी बोलणं बंद. तेव्हापासून बायको शकुबाई कयाधू नदीवरून पाणी आणते. मान दुखते म्हणे. शपथ माझी हाय, मानेचं मी काय करू?

अक्षय तृतीयेला वडिलांच्या नावाचा मातीचा करा आपल्याच आडाच्या पाण्यानं भरणार. पाणी दाखवायला कोणी लागत न्हाई. मी स्वतः पायाळू. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं पाणी कळतं. लिंबाखाली टाच ठणकली. तिथंच.

२९ मार्च.
कुदळीला दांडा न्हाई. सुताराकडं टाकली. सुतार हरामी.

२ एप्रिल.
दांडा आला. शकुबाई म्हणे, आता कशानं अडलं? म्हणलं, नव्या कामाला वार पाहावा लागतो. म्हणे, चार वर्षांत चांगला वार आलाच न्हाई का? या खेपेला करा भरला न्हाई तर कळमनुरीला माहेरी जाईन, मग नदीवर तुमीच जा. जाताना कळशी मुद्दाम वाजवली. बाईमाणसाला पेशन्स न्हाई.

४ एप्रिल. जुम्मा, सुट्टी.
मुहूर्त केला. गुडघाभर खोदलं. मागल्या घरचा व्यंकटराव भिंतीवरून विचारतो, कोणाला पुरता? सगळी गल्ली जळून राहिली.

११ एप्रिल.
कंबरभर. मुरूम लागला. अल्लाबक्ष पलीकडून कोणाकडं न पाहता मोठ्यानं म्हणे, लिंबाखाली खडक हाय, तकलीफ वाया जाईल, गोठ्याच्या कोपऱ्यात खोदावं. दुश्मन न्हाई म्हणतो म्हणजे पाणी बराबर इथंच. आज डबल जोर लावला.

१८ एप्रिल.
पाठ गेली. तरी डोक्याच्या वर खोल गेलो. नरसीहून मिराबाई आत्या आली. तेल लावताना विचारते, तिथंच काहून खोदला? ती बहिरी, म्हणून कानाशी ओरडलो, मी पायाळू. ती हसायला लागली. म्हातारपण.

२५ एप्रिल. दुपार, आडातून.
खडक. वर चढताना शिडीच्या पायऱ्या मोडल्या. डायरी खिशात, म्हणून लिहून राहिलो. शकुबाई नदीवर, आत्या बहिरी. वरून टांग्याची घंटी ऐकू येते. आवाज देणार न्हाई. शपथ ती शपथ.

नंतर.
दिला आवाज. नाव घेतलं न्हाई, कोणी हाय का एवढंच म्हणलं.

नंतर, घरी.
त्यानं घोड्याच्या दोरानं ओढून काढलं. वर येताच तांब्या पुढं केला. प्यालो. तहानेत प्यालेलं औषधात जमा. तेवढ्यात आत्या आली आन् सगळ्या गल्लीसमोर सुरू झाली. अरं, पायाळू तू न्हाईस, पायाळू हा अल्लाबक्ष. तुझी माय आन् त्याची माय अमिनाबी एकाच आठवड्यात बाळंत झाल्या. तू तर सरळ डोक्यानं आलास. तुझ्या आधीची लेकरं जगली न्हाईत, म्हणून तुला उकिरड्यावर लोळवलं, म्हणून तू उकंडा.

अल्लाबक्ष हसला न्हाई. हसला असता तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल. अक्षय तृतीया.
करा भरला. पाणी अल्लाबक्षच्या आडाचं. शकुबाई माहेरी गेली न्हाई, नदीवरही जाणार न्हाई म्हणे. जेवणं झाल्यावर शेणाची पाटी घेऊन लिंबाखाली गेली आन् खड्ड्यात रिकामी केली. म्हणलं, हे काय? म्हणे, उकिरडा. जागा तुमच्या टाचेनंच दाखवली.

संध्याकाळी पोहरा घासला. राखेनं. दोनदा.