लॅटव्हियाच्या संरक्षणातला माझा नगण्य वाटा

रविवार, १ फेब्रुवारी २०२६. मिल्टन, कॅनडा.

आमची रुचा लॅटव्हियाची संरक्षणमंत्री झाली.

एकवीस तारखेला हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत शाळकरी मुलांचं 'मॉडेल नाटो' आहे, म्हणजे लुटुपुटूची नाटो परिषद. प्रत्येक जोडीला एक देश. विषय: छोट्या मित्रराष्ट्रात नवीन संरक्षणमंत्री आलाय, त्याने आपली तीन प्राधान्यं मांडावीत. चार मिनिटं भाषण, मग प्रश्न.

नऊ वर्षांची असताना रुचा मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात स्टेजवर अडकली होती. मी पहिल्या रांगेतून पुढची ओळ सांगितली. जरा मोठ्याने. लोक हसले. त्यानंतर आता अकरावीत गेली तरी माइकसमोर उभी राहिलेली नाही. माझ्या बायकोच्या, यामिनीच्या मते ती अडकली नव्हती, श्वास घेत होती. हा मुद्दा वादग्रस्त आहे.

जेवताना रुचाने वचन मागितलं. "बाबा, धिस वन इज माइन. ओके?"

दिलं. हस्तक्षेप शून्य.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. ट्रेनमध्ये.

लॅटव्हियाची लोकसंख्या पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. शेजारी रशिया. कॅनडाचे सैनिक तिथे तैनात आहेत, म्हणजे माझ्या टॅक्सचाही संबंध येतो. टोरोंटोपर्यंतचा वेळ कुठेतरी घालवायचाच असतो. वाचन म्हणजे हस्तक्षेप नव्हे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

बर्फ वीस सेंटिमीटर. शोव्हल करायचं, म्हणजे फावड्याने दारातला बर्फ उपसायचं ठरवलं होतं. त्याऐवजी लॅटव्हियाचं रिस्क रजिस्टर केलं. बँकेत आम्ही कुठल्याही कामाआधी हेच करतो: धोका काय, किती गंभीर, उपाय काय, जबाबदार कोण. चौसष्ट ओळी झाल्या. लाल, पिवळा, हिरवा असे रंग दिले. हिरवं काहीच नाही.

हा हस्तक्षेप आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. रुचाला दाखवलेलं नाही, तोवर हा छंदच.

पहिलं प्राधान्य मी 'उच्चस्तरीय जोखीम समिती' असं ठेवलंय. यामिनीने विचारलं, रशियाचे रणगाडे आले तर ही समिती काय करणार. मी म्हटलं, बैठक घेणार. ती बूट घालून शोव्हल करायला गेली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

रुचा आणि तिचा जोडीदार तनय भाषण ऑनलाइन लिहिताहेत. घरच्या आयपॅडवर ते उघडंच राहिलं होतं. मी लिंक फक्त स्वतःला पाठवून ठेवली. लॉग-इन न करता उघडलं की ते ॲप आपल्याला एखाद्या प्राण्याचं नाव देतं. मला 'अनामिक बीव्हर' मिळालं. कॅनडाचा राष्ट्रीय प्राणी! याला योगायोग म्हणवत नाही.

वाचता वाचता काही सूचना लिहिल्या. एकूण त्रेचाळीस. वचन बाबाने दिलं होतं, बीव्हरने नव्हे. हा युक्तिवाद मलाही थोडा लंगडा वाटला, म्हणून शेवटच्या तीन सूचना सौम्य केल्या.

चार वाजता चव्वेचाळिसावी सूचना आली, रुचाची: "आय नो द बीव्हर इज यू."

घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितलं की अजून एक सूचना आली तर ती मंत्रिपद तनयला देईल आणि स्वतः मागे बसून नोट्स घेईल. तनय चांगला मुलगा आहे, पण त्याला तुर्कस्तान नाटोत आहे हेच ठाऊक नव्हतं.

बीव्हर निवृत्त.

सोमवार, १६ फेब्रुवारी. फॅमिली डे.

सुट्टी. हॅमिल्टनहून जनार्दनकाकांना जेवायला बोलावलं. काका एकोणसत्तर साली कॅनडात आले, तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर होते, कुणाचीही भीड ठेवत नाहीत. जेवणानंतर सहज सुचवलं की त्यांनी नाटोचे प्रमुख व्हावं आणि रुचाला प्रश्न विचारावेत. सराव हा हस्तक्षेप नव्हे.

काकांनी विचारलं, तुमच्या देशात एवढी परकी फौज राहणार, तिला जेवायला काय घालणार. रुचाने विचार करायला दोन क्षण घेतले. तेवढ्यात मी रजिस्टरमधली ओळ सव्वीस सांगून टाकली. पुढे दारूगोळा, रेल्वेचे रूळ, सायबर हल्ले यांचीही उत्तरं दिली. ओघ चांगला लागला होता.

काकांनी चष्मा काढला. "शैलेंद्र, मंत्रीणबाई कुठायत? मघापासून नुसता सेक्रेटरीच बोलतोय."

बघितलं तर रुचाची खुर्ची रिकामी. ती बेसमेंटमध्ये जाऊन यामिनीसमोर सराव करत होती. यामिनीला नाटोबद्दल काहीही माहीत नाही. तिला काय विचारता येणार? नंतर कळलं, तिने काहीच विचारलं नाही. कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

काका जाताना म्हणाले, पोरगी बरी बोलेल, तू घरी थांब.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. सकाळ.

घरी थांबणं शक्य नाही. आयोजकांना स्वयंसेवक हवे होते, मी आधीच अप्लाय केलं होतं. काम: कॉफी आणि डोनट्स. पालक म्हणून जात नसून खानपान विभागातून जातोय. रुचाला सांगितलं. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. ही संमती धरली.

रजिस्टरची प्रिंट काढून, पानांना रंगीत टॅब लावून, फाइल तिच्या बॅगेत ठेवली. तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. हस्तक्षेप तोंडाने होतो.

शनिवार, २१ फेब्रुवारी. संध्याकाळी सहा.

विजय! लॅटव्हिया सुरक्षित आहे.

मी हॉलच्या मागे, कॉफीच्या टेबलाशी. टेबलाचा एक पाय आखूड होता, कुणीतरी त्याखाली जाड फाइल सरकवली होती. टॅब ओळखीचे वाटले. असो. काम प्रत्यक्ष जमिनीवर उपयोगी पडलं.

रुचाचा नंबर सहावा. निळा ब्लेझर, हातात कागदही नाही. इंग्रजीत बोलली, इथे मराठीत उतरवतो. पहिलं प्राधान्य ड्रोनपासून संरक्षण, दुसरं गावोगावी निवारे. समितीचा उल्लेख नव्हता. तिसऱ्याला थांबली, हसली.

"आमचा शत्रू कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे. अवघड असतो तो प्रेमळ मित्र. समजा, एक बीव्हर आहे. त्याचा ओढ्यावर खूप जीव. म्हणून तो न विचारता धरण बांधतो आणि मग विचारतो, पाणी का वाहत नाही? आमचं तिसरं प्राधान्य: मित्रांनी जरूर यावं, त्यांच्याशिवाय आम्ही टिकणार नाही. पण दार वाजवून यावं. देश आमचा आहे."

हॉल हसला. सगळे कॅनडाच्या प्रतिनिधीकडे वळून बघत होते. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. कॅनडाला हे कुणीतरी सुनवायलाच हवं होतं.

मग नॉर्वेच्या मुलीने विचारलं, संकट आलं तर पहिल्या आठवड्यात सीमेवरून किती लोक हलवावे लागतील? रुचा गप्प. ओळ अडतीस! मला आकडा तोंडपाठ होता. तीन सेकंद. पाच. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. तशीच, गणेशोत्सवाच्या स्टेजवरच्यासारखी. माझं तोंड उघडलं.

त्यात मी डोनट घातला. अख्खा.

अकराव्या सेकंदाला ती म्हणाली, "मला आकडा माहीत नाही. अंदाजाने सांगितला तर माणसं मागे राहतील. खात्री करून लेखी देते."

टाळ्या. मला वाजवता आल्या नाहीत, घसा साफ व्हायला वेळ लागला.

बक्षीस बेल्जियमला. गाडीत रुचा मिल्टनपर्यंत तनयशी फोनवर हसत होती. मी काहीही बोललो नाही. माझ्या तटस्थतेचं हे फळ.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळी यामिनीला बीव्हरचा किस्सा पुन्हा सांगितला. कॅनडाला कसं झोडपलं तेही. तिने चहा खाली ठेवला. मग म्हणाली, "शैलेंद्र, कॅनडाने त्रेचाळीस सूचना लिहिल्या होत्या का?"

मी चहाचे कप धुवायला घेतले. तिचा अजून भरलेला होता.

रजिस्टर उघडलं. ओळ अडतीस. आकड्याच्या जागी लिहिलंय: 'माहिती यायची आहे. जबाबदार: रुचा.' अक्षरन् अक्षर माझं. म्हणजे काल डोनट नसता तर मी हॉलभर काय ओरडलो असतो, हे मला आत्ताही सांगता येत नाही.

भाषण एकदा शांतपणे वाचावं म्हणून जुनी लिंक उघडून बघितली. बंद केलीय. 'तुम्हाला परवानगी नाही. विनंती पाठवा.' बराच विचार करून पाठवली. नाव लिहून: बाबा.

वरच्या मजल्यावर तिचा फोन वाजल्याचं ऐकू आलं. पाच मिनिटं काही नाही. शोव्हल करून आलो, दोन्ही गाड्यांपर्यंत, कोपऱ्यांसकट.

परत आलो तर उत्तर आलं होतं. मंजूर. फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही.

वाचतोय. दुसऱ्याच ओळीत एक स्वल्पविराम चुकलाय.