द्वारकीच्या नावचं रजिस्टर पत्र

अकोला, जुनं शहर
२० मार्च १९६१

तीर्थरूप दादांस,
द्वारकीचा शि. सा. न. वि. वि.

लग्नाला सव्वा महिना झाला, पण जमुना म्हणून कोणी हाक मारली की अजून मी मागे वळून बघते, कोण आली म्हणून. तांदळात हे नाव यांनीच लिहिलं, आवडीनं.

दादा, हॉकीच्या निवडीचं पत्र तिकडे आलं का? देशाच्या संघात फुलबॅकच्या दोनच जागा, आणि नागपूरला परीक्षक मला म्हणाले होते की मार्चमध्ये बोलावणं येईल. हे म्हणतात, पत्र आलं तर खुशाल जा, आईला मी सांभाळतो. मला दुसरं काही सुचत नाही.

आपल्या आईची कंबर कशी आहे? लोभ पातळ होऊ देऊ नका.

द्वारकी


अमरावती, राजापेठ
२७ मार्च १९६१

चि. द्वारकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र इकडे येणार कसं? फॉर्म मीच भरला होता. लग्न ठरलेलं, म्हणून हुशारी करून अकोल्याचा पत्ता टाकला. लग्नाआधी जावईबापूंचं नाव तुझ्या नावाला जोडणं बरं दिसेना, तेव्हा नुसतंच कु. द्वारका भगवंतराव बोंडे लिहिलं. मी हॉकी मंडळाकडे चौकशी करतो.

नागपूरला रेल्वेच्या संघातल्या त्या पोरीला तू पाचदा अडवलंस, ती रडकुंडीला आली. तुला सोडून ते कोणाला नेतील? आईची कंबर आहे तशीच. तुझी काळजी करायला तिला कंबर लागत नाही.

माया आहेच.

तुझा दादा


अमरावती
६ मे १९६१

चि. द्वारकीस,
अ. आ. वि. वि.

मंडळाचं उत्तर आलं. तुझं बोलावणं ७ मार्चला रजिस्टरनं तुझ्या दारी आलं होतं. या नावाचं कोणी इथे राहत नाही, असा शेरा घेऊन परत गेलं. शिबिर उरकलं. तुझ्या जागी दुसरी मुलगी घेतली आणि संघ परवा बोटीनं गेला. पुढचा दौरा चार वर्षांनी.

हे कोणी केलं ते विचार. मी भांडायला येऊ का? पण मुळात चूक माझी आहे, द्वारके.

दादा


अकोला
१२ मे १९६१

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

भांडायला येऊ नका. सासूबाईंनी काही लपवलं नाही. पोस्टमनला त्यांनी सांगितलं की द्वारका कोनी नाही बाप्पा, आमच्या घरी जमुना हाये. त्या घाईत माझं जुनं नाव त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आता त्याच रडतात आणि मी समजूत घालते. हे मात्र विचारत होते, तू घरातच होती ना, मंग कावून नाही बोलली?

दादा, सासूबाई सांगत होत्या तेव्हा मला तो दिवस आठवला. नव्या सुनेनं माहेरच्या नावाला ओ दिली की इथे सगळे हसतात, उखाणा घ्यायला लावतात. धाकटी नणंद मुद्दाम द्वारका म्हणून हाक मारायची आणि मी दर वेळी फसायचे. त्या दिवशी ओट्यावरून कोणीतरी दोनदा माझं नाव घेतलं. मला ऐकू आलं होतं. वाटलं, नणंदेनंच कोणाला तरी शिकवून उभं केलंय. आज फसायचं नाही म्हणून मी भाकरी थापत राहिले, आणि जिंकले म्हणून चुलीपाशी हसलेसुद्धा.

आईला हे सांगू नका. माया कमी करू नका.

द्वारकी