यादीतला अकरावा

तीर्थस्वरूप मंजय्या यांच्या पायाशी, धाकट्या बहिणीचा नवरा ईशण्णा याचा होसगद्दे मुक्कामाहून वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक, म्हणजे पाऊस थांबलाय आणि माझा खोकला थांबलेला नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? सुपारी उतरवायला माणसं मिळाली का? आणि तुमच्याकडे राहिलेल्या माझ्या भागीचा उजवा हात आता कुठवर उचलतो ते नीट बघून कळवा. (गेल्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ एवढंच लिहिलंत. बरा म्हणजे खांद्यापर्यंत की कानापर्यंत?)

नोकरीचं विचारलंत. बस कंपनीने परत घेतलं बरं का. भागीचं एक अंग लुळं पडलं तेव्हा बावीस वर्षांची नोकरी सोडून घरी बसलो होतो, पाच वर्षांनी त्याच आवारात पाय ठेवला. फाटकातल्या कुत्र्याने ओळखलं, हजेरीपटाने ओळखलं नाही. वेंकप्पा कारकून म्हणाला, “ईशण्णा, जुनी नोकरी तुम्ही सोडलीत त्या दिवशीच संपली. आता आजपासून मोजायचं.” नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावलेल्या यादीत अकरा ड्रायव्हर, त्यात मी अकरावा. नवा माणूस म्हणून माझी चाचणीसुद्धा झाली. घेणारा कोण, तर रत्नाकर. (तोच, ज्याला मी गाडी शिकवली आणि जो शिकताना तीनदा देवळाच्या भिंतीवर चालला होता.) माझ्यामागे तोच दुसरा होता, मी गेल्यावर पहिला झाला. बिचारा सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसला आणि शेवटी मलाच विचारतो, “अण्णा, चाचणी बरोबर झाली ना?” मी त्याला पास केलं.

आमच्याकडे गाडी, रस्ता, सुट्टी, चहाच्या बाकावरची जागा, सगळं यादीच्या क्रमाने. अकराव्याच्या वाट्याला उरलेलं येतं. माझ्या गाडीचं दार काथ्याच्या दोरीने बांधावं लागतं, आणि रस्ता असा की उतारू चढताना देवाचं नाव घेतात आणि उतरल्यावर माझं. चहाच्या बाकावर मी अगदी टोकाला. मधला कुणी उठला की बाक माझ्या बाजूने कलंडतो. दोनदा पडलो. लागलं नाही, काळजी नसावी.

आता दसऱ्याच्या आयुधपूजेचं सांगतो, कारण ते तुमच्या कानावर येणारच. गाड्या धुऊन, केळीचे खुंट बांधून, झेंडूच्या माळा घालून क्रमाने उभ्या केल्या होत्या. चाकाखाली लिंबं. रिवाज तुम्हाला ठाऊक आहे, सर्वांत जुन्या ड्रायव्हरने पहिली गाडी लिंबांवरून न्यायची, मग बाकीच्यांनी. मी शेवटच्या गाडीपाशीच उभा होतो, शपथ घेऊन सांगतो. पण भटांनी कापूर लावला, घंटा वाजली आणि माझे पाय चालू लागले. (मी नाही, पाय.) पहिल्या गाडीत चढलो, किल्ली फिरवली, चारही लिंबं फोडून गाडी फाटकापर्यंत नेली. खाली बघतो तर रत्नाकर नवं धोतर नेसून हात जोडून तसाच उभा. टाळ्या नाहीत, काही नाही. धनी म्हणाले, “ईशण्णा, उतरा.” एवढंच.

मंजय्या, तेवढ्यात रत्नाकर पुढे आला आणि म्हणाला, “धनी, मीच त्यांना सांगितलं होतं. माझा हात दुखतोय.” चक्क खोटं. सकाळी त्याच हाताने त्याने दहा बादल्या पाणी उपसलं होतं. कुणी हसलं असतं तर मी सोसलं असतं, पण पोराने मला झाकून घेतलं आणि मला रडू आवरेना. दोरीवाल्या गाडीत जाऊन बसलो. माझा क्रम येईपर्यंत डोळे पुसून झाले होते. बावीस वर्षं कुठेतरी लिहिलेली असतील असं मला वाटत होतं. कुठेच नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमचा,
ईशण्णा

ता. क. हे पत्र भागीला वाचून दाखवू नका. आत निळ्या कागदावर दुसरं पत्र आहे, ते तिचं. तिला वाटतं कंपनीने माझी जागा तशीच राखून ठेवली होती. तसं मीच तिला सांगितलंय. इस्पितळात असताना ती एकदा बोलली होती, “माझ्यापायी तुमची गाडी गेली.” ते पुन्हा तिच्या तोंडून मला ऐकायचं नाही. वाचताना अडखळू नका, तिला लगेच कळतं.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. दिवाळीला मी येत नाही, अकराव्याला सणाची रजा नसते. ती दारात खुर्ची मांडून बसेल. तिला सांगा, सगळ्यांत जुना माणूस आहे, त्याच्यावाचून इथलं चालत नाही.