शेवटच्या डब्याचा आवाज

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, देवाला स्मरून व पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. कोणी भरीस घातलेले नाही. कान गेले आहेत, ते कबूल.

१. राहते घर मुलगा व सूनबाई यांना निम्मे-निम्मे. बँकेतली ठेव मुलीला. पासबुक पिठाच्या डब्यामागे आहे.

२. फडताळातली वीतभर लोखंडी कांडी माझ्या सासूबाईंची. बंदरावर तारली मासळी डब्यात भरायचा कारखाना होता, तिथे आधी डबे हाताने कथिलाचा डाख देऊन बंद करीत, मग झाकणे दाबायचे यंत्र आले. पण वाफेतून निघालेला प्रत्येक डबा तीस वर्षे सासूबाईंच्या कांडीखालूनच गेला. चांगला डबा ठण्ण वाजे, हवा शिरलेला भद्द. लग्नानंतर थोडे दिवस मीही त्यांच्या हाताखाली तिथे होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, मला मॅट्रिकचा तोरा. त्यांनी बाजूला काढलेला एक डबा मी "दिसायला तर छान आहे" म्हणून परत रांगेत ठेवला.

"अगं, डोळ्यांनी काय ऐकतेस?" म्हणाल्या, आणि तो डबा घरी आणून फळीवर ठेवला. नवव्या दिवशी टम्म फुगला. मी पाया पडले. समुद्रात अगणित मासळी घालणाऱ्याने ती पारखायला एका बाईचा कान घडवला, हे आठवले की आजही हात जोडले जातात.

३. गिऱ्हाइकाकडून डबा कधी परत आला नाही तो सासूबाईंच्या कानामुळे, पण 'एकही डबा परत नाही' ही पाटी मुकादमाने कारखान्यात स्वतःच्या नावाने लावली होती. त्याला माफ केले. कारखाना मोडला तेव्हा आणलेली ती पाटी आमच्या मोरीच्या दाराला आहे, तिथेच राहू द्यावी.

४. पुढे तारली येईनाशी झाली, कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशीचा एक डबा सासूबाईंनी ठोकून घरी आणला, त्याला एक्केचाळीस वर्षे झाली. मुलगा म्हणतो, "आई, बॉम्ब आहे तो, फेक!" मला तर आता ऐकू येत नाही. म्हणून ठरवले होते, घरात कोणाला कान असेल तर ठीक, नाहीतर डबा माझ्याबरोबर जाईल.

काल दुकानातून मासळीचे पाच बंद डबे आणले, एकाला खिळ्याने बारीक भोक पाडले. सूनबाईच्या डोळ्यांना टॉवेल बांधला. भोकाचा डबा तिने पहिल्याच फेरीत काढला. (तो लगेच जेवणात संपवला, वाया घालवला नाही.) मग जुना डबा पुढे ठेवला. तिने ठोकला, पुन्हा ठोकला. मला काही ऐकू आले नाही, पण तिचे ओठ 'ठण्ण' असे हललेले मी पाहिले.

सबब कांडी व डबा सूनबाईस. डबा उघडू नये. वर्षातून एकदा ठोकावा. ज्या दिवशी भद्द वाजेल, त्या दिवशी खोल पाण्यात सोडावा. मासळी घरी गेली समजावे.

साक्षीदार:
१. डॉक्टर (माझ्या शुद्धीबद्दल)
२. समोरची शिवणवाली

सूनबाईला वाटा असल्याने तिची साक्ष घेतली नाही. दोघांनीही सहीआधी डबा ठोकून पाहिला. दोघांचे चेहरे मी पाहिले.

सही
राहते घर, बंदरासमोर
मंगळवार, दिनांक अठरा, सकाळचे साडेदहा