ओट्यावरचा रांजण

२१ मार्च १९६१, यवतमाळ

आलो बुवा एकदाचा! मूर्तिजापूरच्या त्या लहान गाडीने हाडं खिळखिळी केली, पण घर पाहिलं आणि सगळा शीण गेला. जिल्ह्यातली जपण्याजोगी जुनी घरं नोंदवायचं काम आमच्या खात्याने काढलंय. घराचा नकाशा काढायचा, कोणी बांधलं, कोण कोण राहिलं ते लिहायचं. आणि यादीतलं पहिलंच घर मला मुक्कामाला मिळालं!

दुमजली आहे. खाली काळा दगड, वर वीट, सागवान पांढरकवड्याकडच्या जंगलातलं. कापसाचे अडते पुंडलिकराव यांनी बांधलं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पाठीला गोदाम, त्यामुळे यायला-जायला रस्त्यावरचं एकच दार. तेसुद्धा बाहेर उघडतं. आत कापसाची थप्पी लागायची, दार आत उघडलं तर अडायचं, म्हणून असं केलं म्हणे. वरचा सज्जा कुजलाय, म्हणून त्याचं दार खिळे मारून बंद केलंय. आणि मागच्या खोलीत चक्क विहीर! मी वाईचा, नदीकाठचा माणूस, मला पाण्याचं काय कौतुक? पण इथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही करंगळीएवढं.

मालकीणबाई वच्छलाबाई समोरच नव्या घरात राहतात. पुंडलिकरावांची सून. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली. ओट्यावरचा रांजण सकाळी आधी भरायचा, मग आपला चहा करायचा; आणि कोणी पाणी मागितलं तर उठून दार उघडायचं. मी लगेच हो म्हटलं. त्यात माझं काय जातंय?

४ एप्रिल

कचेरी सकाळची झाली. दुपारी घरी येऊन आडवा होतो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दाराच्या आतल्या बाजूला वाळ्याची ताटी लावून घेतली. तिच्यावर पाणी मारत राहिलं की काय गारवा येतो, अहाहा!

लालीबाई नावाची लमाण बाई रोज दुपारी ओट्यावर टेकते. सरपणाची मोळी विकून तांड्यावर परत जाताना रांजणातलं पाणी पिते. हातभर पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे, आणि जीभ भलती तिखट. तिचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून हैदराबादेपर्यंत जायचे, आणि त्यांचा मुक्काम याच विहिरीवर पडायचा. विहीर आमची होती, तुम्ही वरतून घर ठेवलं, असं म्हणून हसली. मी म्हटलं, बाई, मी नाही ठेवलं. तर म्हणे, पाणी तर तुम्हीच पाजता ना, मग झालं. मला तिचं येणं आवडतं. दिवसभरात तेवढंच कोणीतरी धड बोलतं.

१८ एप्रिल, अखजी (म्हणजे आपली अक्षय्य तृतीया)

वच्छलाबाईंकडे जेवलो. पुरणपोळी, सरोळ्या, चिंचोणी. अगदी तुडुंब. पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या होत्या. एक घागर मात्र वेगळी, उंबऱ्याशी. ही कोणाची म्हणून विचारलं, तर घराचा सगळा इतिहासच हाती लागला.

संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९ सालच्या दुष्काळात एक लमाण कुटुंब आपल्या जुन्या विहिरीवर पाण्याला आलं. विहीर तोवर घरात गेलेली. पुंडलिकरावांनी आतूनच सांगितलं की घरात कोणी नाही. सकाळी ओट्यावर तिघं मरून पडलेली. त्यानंतर पुंडलिकरावांच्या घशाखाली पाणी उतरेना. मरताना त्यांनी रांजण ठेवायला सांगितला. तो भरलेला होता तोवर घर सुखी होतं. मग वामनराव वकील भाड्याने आले. त्यांना रस्त्यावरची गर्दी आवडेना, त्यांनी रांजण काढून टाकला. एका उन्हाळ्यात ते दाराशी सापडले, आतल्या बाजूला, जीभ लाकडासारखी वाळलेली. दाराला कडीसुद्धा लावलेली नव्हती. सगळं सांगून झाल्यावर वच्छलाबाईंनी मला आणखी एक पोळी वाढली.

मस्त मजकूर आहे. नोंदीत 'दंतकथा' म्हणून घालीन.

९ मे

अंगाची लाही लाही होते. विहिरीचं पाणी खोल गेलंय, दोर ओढून हात सोलले. आणि बाहेर अख्खी गल्ली रांजणाला लागलेली! हमाल, टांगेवाले, कोण कुठले. मी काय पाणक्या आहे? आज रांजण आत ओढून घेतला. ताटीला पाणी नको का? वच्छलाबाई उमरखेडला लेकीकडे गेल्यात, चार दिवस बघायला कोणी नाही.

११ मे

काय लिहू.

दुपारी डोळा लागत होता. दारावर बांगड्या वाजल्या. लालीबाईचा आवाज. घरात कोणी हाय का, पाणी द्या जी. मी ऐकलं. ओल्या ताटीच्या आड पडलो होतो, हातात तांब्या होता. नुकतंच ताटीवर पाणी शिंपडलं होतं. उठायचा कंटाळा आला. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

मी म्हणालो, "घरात कोणी नाही."

बाहेर ती हसली. "कोणी नाही, तं मंग बोलून कोण राह्यलं?"

मला राग आला, आपली चोरी पकडल्यासारखा. मी गप्प पडून राहिलो. बांगड्या पुन्हा वाजल्या, मग हळू, मग नाही. मला वाटलं, गेली असेल.

ऊन कलल्यावर दार लोटलं तर जड लागलं. खांदा लावला तेव्हा काहीतरी सरकलं. ती दाराला पाठ लावून बसली होती. डोळे उघडे. ओठ फुटलेले.

लोक जमले. मी सांगितलं की आत्ताच कचेरीतून आलो. कोणी विचारलंसुद्धा नाही की मग मी दार आतून कसा लोटत होतो.

१२ मे

तिचा नवरा भावसिंग आला होता. म्हातारा, उंच माणूस. त्याने एकच विचारलं, तिनं पाणी मांगलं होतं का? मी म्हटलं, मी घरात नव्हतो. त्यावर तो वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, "तुमी रोज पाजलं, साहेब. ते सांगे मले. तुमी असते तं मेली नसती."

माझ्या पाया पडला. आणि मी पाय मागेसुद्धा घेतले नाहीत.

रांजण परत ओट्यावर ठेवून भरला. कोणी पीत नाही.

१५ मे

वच्छलाबाई परत आल्या. रांजण आत नेला होता का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, झिरपत होता, म्हणून नेला. त्यांनी रांजणाच्या बुडाखाली हात घालून पाहिला. मग म्हणाल्या, भावसिंगाला जाऊन खरं सांगा, पायी जा, आणि त्याच्या हातचं पाणी मागून प्या. दुसरा उपाय नाही, आणि तोही पुंडलिकरावांनी केला नव्हता, वकिलांनीही नाही. उद्या जातो म्हटलं.

पाणी कडू लागतंय.

१६ मे

गेलो नाही. तांड्यावरच्या माणसांसमोर काय तोंड घेऊन उभा राहू? नोकरी जाईल. लोक थुंकतील. थुंकायलाच हवं.

दुपारी बांगड्या वाजल्या. दार उघडलं. कोणी नव्हतं. दाराच्या बाहेरच्या अंगाला पाठ टेकल्याचा ओला डाग, एवढ्या उन्हातही वाळत नाही.

१८ मे

पाणी घशात जातं आणि परत येतं. विहिरीत वाकून पाहिलं. पाणी आहे. भरपूर. त्यात माझं तोंड दिसत नाही —

बांगड्या आता दारावर नाहीत. मागच्या खोलीत. ताटीमागे. एवढ्या हळू की कंटाळा केला तर ऐकू न यावं.

भावसिंग मला भला माणूस समजतो. तेच सहन होत नाही. ती मेली त्याहून हे — नाही. हेही खोटं. मला फक्त तहान लागली आहे.

२० मे

ठरलं. आत्ताच जातो, भर उन्हात, ती गेली त्याच वाटेने. भावसिंगाला सांगतो की मी घरात होतो. मी ऐकलं होतं. तो पाणी देईल न देईल.

चपला घातल्या —

दार उघडत नाही. कडी काढलेली आहे. बाहेरून वजन आहे. तेच वजन. खांद्याला ओळखू येतं.

वर गेलो. सज्ज्याच्या दाराला खिळे. खिडकीच्या गजांतून ओरडलो. समोर वच्छलाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. थेट माझ्याकडे. मग आत गेल्या, रिकाम्या घराकडे बघून आत जावं तशा —

खाली आलो. रांजण आत आहे. मी नाही आणला. कोरडा.

जीभ टाळूला —

दार ठोठावतोय. आतून. लाज सोडून. पाणी द्या म्हटलं. भावसिंग, मी होतो घरात. होतो. ऐकलं होतं मी — कोणीतरी ऐका —

बाहेर ओट्यावर कोणीतरी कूस बदलली. पाणी शिंपडल्याचा आवाज आला. वाळ्याचा वास.

आणि माझा आवाज. माझाच, झोपाळलेला, कंटाळलेला. दाराच्या पलीकडून म्हणाला — घरात कोणी नाही.

कोणी नाही, तर मग बोलून कोण राह