डावीकडचा फोटो

आक्का,

हे तुला धाडायची हिंमत न्हाई, तरी लिहून राहिले.

बाळापूरच्या बाजारात ब्युटी पार्लरचा बॅनर लागलाय. डावीकडं काळी पोरगी, उजवीकडं तीच गोरी; दोन्हीकडं डोळ्यांवर पट्टी मारलेली. त्याच्यावरून भांडण पेटलंय. दुकानदार म्हणतात, जाहिरातच हाय, तुमचं काय जातंय? कॉलेजच्या पोरी म्हणतात, हा काळ्या रंगाचा अपमान हाय, उतरवा.

मी ओढणीनं तोंड बांधून गर्दीत उभी होते. मला कायम पावडर लावलेलीच बघितलेली माझी मैत्रीण प्रियदर्शनी माइकवर म्हणाली, "इतकं काळं कुनी असतं का? फोटो मुद्दाम काळा केलाय. त्या पोरीला शोधून समोर आणू."

तवापासून जीव थाऱ्यावर न्हाई. रविवारी पाव्हणे मला बघायला येणार. त्यांना आईनं उजवीकडचाच फोटो पट्टीबिगर धाडलाय. तो पार्लरवालीनं मोबाइलवर गोरा केला.

डावीकडच्याला कुनी हातबी लावला न्हाई, आक्का.

घरातबी तोंड बांधून बसलेली,
तुझी दैवशाला