पांढरी आणि जांभळी

पुएर्तो माल्दोनादो, ४ मार्च

चि. तोमासा हिला ताईचे अनेक आशीर्वाद. खोकला कसा आहे? डोंगरात फोन लागेना, म्हणून ट्रकवाल्या साबिनोच्या हाती पत्र देतेय. वाटेत गप्पा छाटत बसला नाही म्हणजे मिळवलं.

पोलिसांनी सोन्याच्या खाणीजवळच्या गुत्त्यातून दोन पोरी सोडवल्या. आपली केचुआ बोली येते म्हणून मला दुभाषी म्हणून बोलावलं. धाकटी पढवलेलं बोलते, नाव रोसा, वय अठरा. अठरा कसली, पंधराचीही नसेल! दुसरी तोंडच उघडत नाही. शुक्रवारी कुणी ‘मावशी’ कागद घेऊन रोसाला न्यायला येणार आहे. तोवर खरं घर सापडलं नाही, तर पोरगी पुन्हा त्याच नरकात जाईल. माझ्या जिवाला चैन नाही.

तिच्या वेणीच्या टोकाला लोकर आहे, नारिंगीत निळी. आपण कळपातल्या अल्पाकांच्या कानात आपापल्या घरच्या रंगाची ओवतो, तशीच. कुणाला हात लावू देत नाही. हे रंग कुणाचे गं? घाई कर.

तुझी हिलारिया

मु. पुकाकांचा, ६ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार. माझा खोकला राहू दे, तूच जेवत नसशील.

नारिंगी-निळी वरच्या कुरणातल्या बासिलियाची. तिची लेक यानेत बाप्तिस्म्याच्या धर्ममायेबरोबर कुस्को शहरात शिकायला गेली, असंच आम्ही समजत होतो. पत्र वाचून दाखवलं, तशी बासिलियाने तिथेच गाठोडं बांधायला घेतलं. म्हणाली, निघताना पोरीने उरलेली लोकर मागून घेतली होती. हरवले तर कळेल तरी मी कुणाची, असं हसत म्हणाली होती.

बासिलिया साबिनोबरोबरच येतेय. तिला बोल लावू नकोस.

तुझी तोमासा

पुएर्तो माल्दोनादो, ९ मार्च

चि. तोमासा हिला आशीर्वाद. काल मावशीबाई आधी हजर, आणि साबिनोचा ट्रक चिखलात! फौजदारबाईंना विनवून विनवून मी पोरीला थांबवून धरलं.

बासिलिया आली ती थेट पोरीमागे बसली आणि तिची वेणी सोडून पुन्हा घालू लागली. पोरगी भिंतीकडे बघत म्हणाली, आई, घट्ट बांध. मग आपलं खरं नाव सांगितलं. मावशी म्हणजे ती धर्ममायच निघाली. आता कोठडीत आहे. मी भोकाड पसरून रडले, तू असतीस तर हसली असतीस.

पण निवांतपणा कुठला! ती न बोलणारी पोरगी केस मोकळे सोडून बासिलियापुढे येऊन बसली. पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, आमची पांढरी आणि जांभळी.

कुरणाकुरणात विचार, तोमासा. लोभ आहेच, तो मागाहून कळव. आधी हे रंग कुणाचे, ते कळव.

तुझी ताई